हद्दनिश्चिती (आभासी भूमी व शिवथर खोरे)

हद्दनिश्चिती : एखाद्या भूखंडावरील धारकाचा अधिकार जेथे संपतो आणि शेजाऱ्याचा जेथे सुरू होतो, ती रेषा अभिलेख, चिन्हे व साक्ष यांच्या आधारे शोधून जागेवर कायम करण्याची क्रिया. घर, विहीर, गडगा किंवा कोणतेही कायम स्वरूपाचे बांधकाम हाती घेण्यापूर्वी ही क्रिया पुरी झालेली असावी, असा व्यवहाराचा जुना दंडक आहे. आणि ज्या संगणकनिर्मित आभासी जगांत जमीन खरेदी करून तीवर इमारती उभारता येतात, तेथेही तो निराळ्या रूपाने लागू झालेला आहे. प्रस्तुत नोंदीत अशा आभासी भूमीतील रीत आणि रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यातील शिवथर खोऱ्यासारख्या डोंगराळ मुलखातील रीत यांचा एकत्र विचार केला आहे. दोन्हीकडची हद्द आता एकाच तऱ्हेच्या पडद्यावर पाहावयास मिळत असली, तरी तिचे प्रामाण्य सर्वस्वी भिन्न आहे : आभासी भूमीत प्रथम रेषा ठरते व मागाहून तिच्या आत जमीन अस्तित्वात येते; खोऱ्यात प्रथम जमीन, मग वहिवाट, त्यानंतर मोजणी आणि सर्वांत शेवटी पडद्यावरील रेषा, असा क्रम आहे.

आभासी भूमी : लिंडन लॅब या अमेरिकन कंपनीने २००३ मध्ये सर्वांस खुल्या केलेल्या ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात जमिनीचा मूळ घटक २५६ मी. लांब व तितकाच रुंद, म्हणजे ६५,५३६ चौ. मी.चा असतो, त्याचे धारकांमध्ये तुकडे पडतात आणि लहानात लहान तुकडा ४ मी. बाजूचा, म्हणजे १६ चौ. मी.चा असतो. बांधकाम करणाऱ्याने हद्दरेषा दाखविण्याची आज्ञा दिली की भूखंडांच्या कडा रंगीत रेषांनी उजळतात. स्वतःची जमीन हिरव्या आणि परक्याची तांबड्या रेषेने दर्शविली जाते. मात्र विभागणी चार मीटरांच्या चौकटींवरच होत असल्यामुळे तिरकी हद्द काढू गेल्यास ती पायऱ्यापायऱ्यांची होते. २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या ‘माइनक्राफ्ट’ या खेळात भूमी १६ घनांच्या बाजूच्या चौरस खंडांत विभागलेली असते व त्या खंडांच्या सीमा इच्छेनुसार दृश्य करता येतात. सामाईक खेळांत मालकी राखण्यासाठी जोडलेल्या एका प्रचलित पूरक प्रणालीत सोन्याच्या फावड्याने जमिनीवर हक्क सांगावयाचा आणि साधी काठी हाती धरून परक्याची हद्द तपासावयाची, अशी योजना आहे. ‘डिसेंट्रालँड’ या २०२० मध्ये खुल्या झालेल्या जगातील भूखंड १६ मी. बाजूचा असून त्याच्या मर्यादेबाहेर गेलेली वस्तू तेथे दृश्यमानच होत नाही.

या जगांत ‘हद्द नेमकी कोठे आहे’ असा तंटा उद्भवत नाही, कारण जमीन आणि जमिनीचा दप्तरी उतारा ही तेथे एकच वस्तू आहे. तंटा होतो तो आक्रमणाचा. ‘सेकंड लाइफ’मध्ये एखादी वस्तू कोणाच्या भूखंडावर मोजावयाची हे तिच्या मुख्य घटकाच्या मध्यबिंदूवरून ठरते, त्यामुळे घराचा मध्य स्वतःच्या जमिनीत ठेवूनही त्याचे छप्पर शेजाऱ्याच्या अवकाशात झुकू शकते. कोकणातील पागोळ्यांच्या तंट्याहून हा प्रश्न वेगळा नाही. उतरत्या छपराच्या वळचणीचे पाणी कोणाच्या जमिनीवर पडावे, याविषयीचे हक्क प्रत्यक्ष जगात १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या कक्षेत येतात. आभासी जगात ते कंपनीच्या सेवाशर्तींवर आणि भूखंडधारकास दिलेल्या वस्तू परत पाठविण्याच्या अधिकारावर सोपविलेले असतात.

जुनी भारतीय परंपरा : सीमाविवाद हे धर्मशास्त्राने स्वतंत्र व्यवहारपद मानले आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वड, पिंपळ, पळस, सावर इत्यादी दीर्घायुषी वृक्ष, तसेच तळी, विहिरी व देवळे ही सीमेची प्रकट चिन्हे सांगितली असून त्यांच्या जोडीला दगड, हाडे, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे यांसारखी लवकर न कुजणारी द्रव्ये जमिनीत पुरून ठेवावीत, असे सुचविले आहे; प्रकट चिन्हे मनुष्य हलवितो, पुरलेली चिन्हे त्याच्या ध्यानात येत नाहीत, हा त्यामागील हेतू. चिन्हे नष्ट झाल्यास माथ्यावर माती घेतलेल्या साक्षीदारांनी शपथपूर्वक सीमा सांगावी, असाही निर्देश तेथे आहे. मराठी अमलात शिवेचे तंटे गोतसभेपुढे चालत, निवाड्याचा महजर होई आणि प्रसंगी दिव्यही केले जाई. क्षेत्रमापनासाठी शिवकालात पाच हात व पाच मुठींची काठी प्रमाण मानलेली होती. वीस चौरस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर, असे ते कोष्टक होते.

शिवथर खोरे : सह्याद्रीच्या मुख्य धारेच्या पश्चिमेस, वरंधा घाटाच्या पायथ्याशी पसरलेले हे खोरे सतराव्या शतकात चंद्रराव मोऱ्यांच्या जावळीच्या अमलाखाली होते व १६५६ मध्ये जावळीबरोबरच ते शिवाजी महाराजांच्या राज्यात आले. समर्थ रामदासांच्या वास्तव्यामुळे व दासबोधाच्या लेखनाशी असलेल्या संबंधामुळे प्रसिद्ध असलेली शिवथर घळ याच खोऱ्यात असून धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये तिचा शोध लावला. कसबे शिवथर, आंबे शिवथर व कुंभे शिवथर या गावांच्या नावांवरूनच ध्यानात येते, की एकाच मुलखाची वाटणी अनेक गावांत झालेली आहे आणि प्रत्येकाची शीव दुसऱ्याच्या शिवेला भिडलेली आहे.

या भूप्रदेशात हद्द शोधणे कठीण होण्याची कारणे भूरचनेतच आहेत. भातखाचरे उताराच्या वळणाने पायऱ्यापायऱ्यांची केलेली असल्यामुळे त्यांचे बांध वक्र असतात. वरच्या खाचराचा बांध ढासळला की त्याची माती खालच्या धारकाच्या जमिनीत येते, आणि तो पुन्हा घालताना हातभर इकडे किंवा तिकडे सरकतो. वर्षाकाठी ३,००० मि.मी.हून अधिक पडणाऱ्या पावसाने ओढ्यांचे काठ बदलतात. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत, जेथे नाचणी व वरी यांचे पीक आलटून पालटून घेतले जाई व राबासाठी टहाळ तोडला जाई, तेथे सलग बांध क्वचितच आढळतो. एखादा मोठा खडक, जुने झाड किंवा दगडांचा रचीव गडगा एवढीच काय ती निशाणी. पूर्वीच्या खोती गावांत कुळांच्या ताब्यातील क्षेत्रे बहुधा परंपरेनेच ओळखली जात. खोती पद्धत १९४९ च्या अधिनियमाने संपुष्टात आली आणि कसणाऱ्यांची नावे धारक म्हणून दप्तरी आली खरी, परंतु वाडवडिलांनी तोंडी केलेल्या वाटण्यांना पोटहिश्शाचे मोजमाप पुष्कळ ठिकाणी मिळालेच नाही. सातबाऱ्यावर दहा नावे आणि नकाशात एकच आकृती, ही कोकणातील सर्वपरिचित स्थिती त्यातूनच उत्पन्न झाली.

अभिलेख : मुंबई इलाख्यातील शास्त्रशुद्ध भूमापनाचा पाया गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात घातला आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने त्याचे नियम स्थिर झाले. मापनाची साखळी ३३ फुटांची असून तिचे १६ आणे मानलेले होते. तिच्या चौरसास, म्हणजे १,०८९ चौ. फुटांस, गुंठा म्हणत व ४० गुंठ्यांचा एकर होई. शंकू व साखळीने जागेवर घेतलेली मापे टिपणात उतरविली जात, गुणाकार बुकात क्षेत्र काढले जाई, आकारबंदात क्षेत्र व आकार (सारा) यांची नोंद होई आणि अनेक टिपणे जुळवून गावाचा नकाशा तयार होई. हद्दीच्या दृष्टीने टिपण व फाळणी (पोटहिश्शांच्या मापांचा अभिलेख) हे मूळ पुरावे होत, कारण बाजूंची मापे त्यांत असतात. गावनकाशा हे त्यांचे संकलन आहे. सातबारा उतारा धारक, क्षेत्र, आकार व पीक सांगतो, हद्द सांगत नाही. हे न जाणता केवळ उताऱ्यातील क्षेत्रावर विसंबून जोते घालणे, हे खोऱ्यातील कित्येक कज्ज्यांचे मूळ आहे.

कायदा व मोजणीची रीत : महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या नवव्या प्रकरणात सीमा व सीमाचिन्हे यांविषयीच्या तरतुदी आहेत. भूमापनाच्या वेळी शेताची हद्द निर्विवाद असेल व गावकामगार तिला दुजोरा देत असतील, तर धारकाने दाखविल्याप्रमाणे ती कायम करता येते. वाद असल्यास चौकशी करून निर्णय दिला जातो. सीमाचिन्हे जतन करण्याची जबाबदारी धारकावर असते. बांधावरून जाण्यायेण्याच्या हक्काचा वाद कलम १४३ अन्वये तहसीलदारापुढे चालतो.

हद्दकायम मोजणीसाठी धारक तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे अर्ज करून फी भरतो. लगतच्या धारकांना नोटिसा जातात. आणि ठरल्या दिवशी भूकरमापक अभिलेखाच्या प्रती घेऊन जागेवर येतो. प्रथम तो शिवेचे दगड, जुन्या विहिरी, न हललेले बांध अशा निर्विवाद खुणा शोधतो, मग प्रत्यक्ष वहिवाटीची मोजणी करतो. पूर्वी हे काम फलकयंत्र व साखळीने होई, आता इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन व उपग्रहांच्या साहाय्याने चालणारे रोव्हर यांनी होते. ही मोजणी व मूळ अभिलेख परस्परांवर ठेवून ज्या स्थितीत अधिकात अधिक खुणा जुळतात ती ग्राह्य मानली जाते, आणि त्यानुसार अभिलेखातील हद्द जागेवर दाखविली जाते. अर्जदारास मिळणाऱ्या ‘क’ प्रतीत अभिलेखाची हद्द व वहिवाटीची हद्द वेगळ्या ओळखता येतात. निष्कर्ष अमान्य असल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी मागता येते. मोजणीने रेषा कळते, ताबा मिळत नाही. अतिक्रमण दूर करण्यासाठी पक्षकारास बहुधा दिवाणी न्यायालयाकडे जावे लागते.

गावठाण : शेतजमिनीप्रमाणे गावठाणातील घरांची मोजणी दीर्घकाळ झालेली नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साहाय्याने ड्रोनद्वारा गावठाण भूमापनाचा प्रयोग पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी करण्यात आला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने ‘स्वामित्व’ योजना जाहीर केली. या पद्धतीत ड्रोन उडण्यापूर्वी प्रत्येक मिळकतीच्या कडा ग्रामस्थांच्या समक्ष चुन्याने आखून घेतात, कारण भिंत व कुंपण आकाशातून दिसले तरी मालकी दिसत नाही. छायाचित्रांवरून नकाशा, नकाशावरून मिळकत पत्रिका आणि तीवरून सनद, असा पुढचा क्रम. आंबा-फणसाच्या दाट सावलीत बसलेल्या कोकणी वाड्यांत वळचणी व झाडोरा यांखाली चुन्याची रेष झाकली जाते, तेव्हा जमिनीवरील पूरक मोजणी अपरिहार्य ठरते.

पडद्यावरील नकाशा : ‘महाभूनकाशा’ या शासकीय संकेतस्थळावर गावनकाशे पाहता येतात, आणि मोबाइलवर उपग्रहचित्रावर गटाची आकृती ठेवून त्या कडेने चालत जाण्याचा प्रघात वाढतो आहे. माहिती मिळविण्यासाठी त्याचा उपयोग निःसंशय आहे. बांधकामाची दोरी मात्र त्यावरून धरता येत नाही. हे नकाशे जुन्या कागदी नकाशांवरून अंकित केलेले असल्यामुळे कागदाचे आकुंचन, प्रती काढताना झालेले फेर व अक्षांश-रेखांशांशी घातलेली मागाहूनची सांगड यांचे दोष त्यांत उतरतात. शिवाय मोबाइलची स्थाननिश्चिती मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरांनी चुकू शकते, आणि अरुंद खोऱ्यात डोंगरकडे व झाडी यांमुळे उपग्रहांचे संदेश अडून ती आणखी चुकते. गुंठ्याची बाजू सुमारे १०.०६ मी. असते, पाच मीटरांची चूक म्हणजे गुंठ्याची निम्मी रुंदी शेजाऱ्याच्या पदरात टाकणे होय.

आपत्ती व पुनर्वसन : २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे डोंगर कोसळून वस्ती गाडली गेली, त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. अशा ठिकाणी बांध, गडगे, झाडे व प्रसंगी ती दाखविणारी माणसेही एकाच वेळी नाहीशी होतात, आणि प्रकट चिन्हे व साक्ष लोपल्यावर हद्दीचा पुरावा दप्तरातील मापांपुरता उरतो. त्यातही मूळ आधारबिंदू ढिगाऱ्याबाहेर शिल्लक असले तरच ती मापे जमिनीवर उतरविता येतात. तळीयेच्या आपद्ग्रस्तांसाठी घरे उभारण्याचे काम म्हाडाकडे सोपविण्यात आले. पुनर्वसनाच्या वसाहतीत आराखडा आधी आखला जातो, त्यावर भूखंडांना क्रमांक पडतात आणि नंतर जमिनीवर खुंट्या ठोकून घरे बांधली जातात. आभासी भूमीतील ‘आधी रेषा, मग जमीन’ हा क्रम खोऱ्यात खऱ्या अर्थाने लागू पडतो तो अशाच वसाहतींत. इतरत्र पडद्यावरील रेषेचे स्थान पुराव्यांच्या मालिकेत शेवटचे राहते, आणि जोते घालू पाहणाऱ्याने ती मालिका शिवेच्या दगडापासून आरंभून टिपण, फाळणी, लगतच्या धारकांसमक्ष झालेली मोजणी व ‘क’ प्रत या क्रमानेच पाहावयाची असते.