सुगम खेळांसाठी पहिली प्रोग्रामिंग भाषा

दृष्टी, श्रवण, हालचाल किंवा आकलन यांत मर्यादा असलेल्या व्यक्तींनाही इतरांच्या बरोबरीने खेळता यावेत अशा रीतीने रचलेल्या संगणकीय खेळांना सुगम खेळ म्हणतात. असे खेळ तयार करू इच्छिणाऱ्या नवशिक्याने कोणती प्रोग्रामिंग भाषा प्रथम शिकावी, हा प्रश्न वरवर केवळ तांत्रिक वाटतो. परंतु शिकणारा स्वतः दृष्टिहीन असेल, तर आज्ञावली लिहिण्याचे साधन त्याला वाचता येते की नाही, यावरच त्याचे शिक्षण सुरू होणे अवलंबून असते.

बहिऱ्या खेळाडूंसाठी ध्वनीसोबत मजकूर, रंगांध खेळाडूंसाठी रंगाबरोबर आकाराचा भेद, एकाच कळीने खेळण्याची सोय या गोष्टी बहुतेक सर्व भाषांत साधता येतात. ध्वनी आणि स्क्रीन रीडर यांच्या बाबतीत मात्र भाषाभाषांत मोठा फरक पडतो. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः ध्वनिप्रधान खेळांविषयी आहे.

पार्श्वभूमी

डोळ्यांवाचून खेळता येईल अशी रचना संगणकापूर्वीच बुद्धिबळात रूढ झाली होती. दृष्टिहीनांच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला मोहरा रोवण्यासाठी छिद्र असते आणि काळ्या मोहऱ्यांच्या माथ्यावर टाचणीसारखे टोक असते. खेळाडू आपली चाल मोठ्याने उच्चारतो व प्रतिस्पर्धी ती पुन्हा म्हणतो. बी आणि डी यांसारखी अक्षरे ऐकताना गल्लत होऊ नये म्हणून पटाच्या आठ उभ्या पट्ट्यांना आंतरराष्ट्रीय नियमांत ॲना, बेला, सीझर, डेव्हिड अशी नावे दिलेली आहेत. महाराष्ट्रातील दृष्टिहीन बुद्धिबळपटू व संघटक चारुदत्त जाधव यांचे नाव ‘टॉक६४’ या बोलणाऱ्या बुद्धिबळ सॉफ्टवेअरशी निगडित आहे. सुगम खेळ लिहिणाऱ्याने प्रथम हा पट हाताळून पाहावा. चाल उच्चारणे आणि ती पुन्हा म्हणून पक्की करणे हे दोन्ही आज्ञावलीत जसेच्या तसे उतरवता येते.

ध्वनिप्रधान खेळाच्या गरजा

मालवण तालुक्यातील धामापूर येथील तलावाच्या काठाने चालत जाण्याचा एक खेळ कल्पावा. पाणी डाव्या कानात ऐकू आले पाहिजे आणि भगवती मंदिराची घंटा उजव्या कानात. मंदिर जवळ येईल तसा घंटेचा आवाज वाढला पाहिजे. पाय पाण्याकडे वळताच सूचना तत्काळ मिळाली पाहिजे, कारण अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे खेळाडू पाण्यात. शिवाय गुण, वेळ व उरलेले प्राण ही माहिती खेळाडूच्या नेहमीच्या स्क्रीन रीडरने, त्याने ठरवलेल्या गतीने वाचावी. सरावलेले वापरकर्ते वाणीची गती इतकी वाढवतात की नवख्याला शब्दही कळत नाहीत. त्यांच्यावर आधी ध्वनिमुद्रित केलेली संथ वाक्ये लादणे त्रासदायक ठरते.

यावरून भाषेकडून तीन अपेक्षा ठरतात: ध्वनीची दिशा व तीव्रता क्षणोक्षणी बदलता यावी, मजकूर स्क्रीन रीडरकडे सोपवता यावा आणि कळ दाबल्याचे तत्काळ समजावे.

लेखनाचे साधन

शाळांमध्ये प्रोग्रामिंगची ओळख अनेकदा ‘स्क्रॅच’ने करून दिली जाते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या साधनात रंगीत ठोकळे माउसने ओढून जोडायचे असतात. डोळस मुलाला ते सोपे जाते. स्क्रीन रीडरवर विसंबणाऱ्या मुलाला मात्र पहिल्याच तासाला बाजूला बसावे लागते. साध्या मजकुरात लिहिली जाणारी भाषा अशा मुलासाठी अधिक सोपी असते, ही गोष्ट अभ्यासक्रम आखताना सहसा लक्षात घेतली जात नाही.

मजकुराच्या भाषांतही एक सापळा आहे. पायथॉनसोबत मिळणारा ‘आयडल’ हा संपादक स्क्रीन रीडरला नीट वाचता येत नाही. तो उघडून काहीच ऐकू न आल्याने पायथॉन आपल्यासाठी नाही असा समज होतो. दोष मात्र संपादकाचा असतो. तीच आज्ञावली नोटपॅडमध्ये किंवा व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये लिहिली की अडचण उरत नाही. दुसऱ्या संपादकात चूक असलेल्या ओळीवर ध्वनिसंकेतही मिळतो.

भाषांची निवड

पायथॉन ही गिडो व्हान रोसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेली भाषा बहुतेक नवशिक्यांसाठी योग्य आहे. तिच्यात ओळींची मांडणी समासातील मोकळ्या जागेने ठरते, आणि न दिसणारी जागा मोजायची कशी, हा आक्षेप रास्त आहे. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये ही जागा बोलून किंवा चढत्या-उतरत्या सुरांनी सांगण्याची सोय आहे. ती सुरू केल्यावर रचना कानाने कळू लागते. विशेष म्हणजे २००६ साली मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने ऑस्ट्रेलियात सुरू केलेला एनव्हीडीए स्वतःच मोठ्या प्रमाणात पायथॉनमध्ये लिहिलेला आहे. ‘पायगेम’ या संग्रहाने डाव्या-उजव्या कानातील आवाज वेगवेगळा ठेवता येतो; स्क्रीन रीडरशी बोलण्यासाठी मात्र स्वतंत्र संग्रह जोडावा लागतो. एकदा साधने उतरवून घेतली की इंटरनेटवाचून काम चालते, हे पावसाळ्यात दिवसचे दिवस जोडणी नसलेल्या कोकणातील गावांसाठी महत्त्वाचे आहे.

केवळ ध्वनिखेळांसाठी बनलेल्या साधनांचा इतिहास सावध करणारा आहे. फिलिप बेनेफॉल यांचे ‘बीजीटी’ हे साधन एके काळी दृष्टिहीन खेळनिर्मात्यांत सर्वत्र वापरले जाई. ते फक्त विंडोजवर चाले. पुढे त्याचा विकास थांबला आणि त्यात बनवलेल्या निरुपद्रवी खेळांनाही व्हायरसरोधक सॉफ्टवेअर घातक ठरवू लागले. ज्यांनी केवळ तेच शिकून वर्षांचे श्रम घातले होते, त्यांचे खेळ नव्या खेळाडूंपर्यंत पोहोचणे कठीण झाले. त्याच धर्तीचे ‘एनव्हीजीटी’ हे मुक्त स्रोत साधन आता उपलब्ध असून ते विंडोजव्यतिरिक्त इतर प्रणालींवरही चालते. दिशादर्शी ध्वनी व वाणी त्यात अंगभूत असल्याने पहिला खेळ लवकर उभा राहतो. दुसरी भाषा म्हणून ते उत्तम आहे.

खेळ दुवा उघडताच सुरू व्हावा अशी इच्छा असल्यास जावास्क्रिप्ट घ्यावी. ब्राउझरमध्ये दिशादर्शी ध्वनीची सोय असते. पडद्यावर चित्र म्हणून रंगवलेली अक्षरे मात्र स्क्रीन रीडरला दिसत नाहीत. त्यासाठी मजकूर पानाच्या रचनेत वेगळा ठेवावा लागतो. अँड्रियास स्टेफिक यांची ‘क्वोरम’ ही भाषा सुगमता डोळ्यांसमोर ठेवूनच घडवली गेली आहे आणि ती अध्यापनास उत्तम आहे, पण अडचणीत मदत करणारे सोबती कमी भेटतात. ‘युनिटी’साठी वापरली जाणारी सी शार्प भाषा चांगली असली, तरी त्या इंजिनाचा संपादक स्क्रीन रीडरने हाताळणे अतिशय कष्टाचे आहे.

मराठी खेळांतील प्रश्न

एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ‘ईस्पीक एनजी’ या वाणीयंत्रात मराठी आहे. उच्चार यांत्रिक असले, तरी खेळातील सूचना समजतात. खरी अडचण शब्दखेळांत येते. ‘धामापूर’ या शब्दात मराठी वाचक धा, मा, पू, र अशी चार अक्षरे मोजतो. पायथॉन मात्र सात सांगते, कारण युनिकोडमध्ये काना व दीर्घ उकार यांना स्वतंत्र संकेतांक आहेत. अंताक्षरीचा खेळ लिहिणाऱ्याने शब्दाचे शेवटचे चिन्ह तसेच उचलले, तर ‘मालवणी’ या शब्दापासून पुढच्या खेळाडूला ‘णी’ऐवजी नुसती वेलांटी मिळेल. स्विफ्ट या भाषेत मोजणी चारच येते. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी वेगळी सोय वापरावी लागते. पायथॉनमध्ये स्वरचिन्हे मागच्या व्यंजनाला जोडणारी छोटी आज्ञावली स्वतः लिहिता येते, आणि ज्याला मराठीची बाराखडी पाठ आहे त्याला पहिला सराव म्हणून ती अवघड नाही. जोडाक्षरांसाठी हलन्ताचा एक नियम वाढवावा लागतो.