असनची तिरपी वाट

काठमांडूत खाद्यभ्रमंतीला निघालेले बहुतेक गट असन चौकात येतात. सहा रस्ते इथे मिळतात. त्यांतला इंद्रचोकमार्गे हनुमान ढोक्याकडे तिरपा जाणारा रस्ता म्हणजे भारत-तिबेट व्यापाराची जुनी वाट. चौकातल्या अन्नपूर्णेच्या मंदिरात मूर्तीऐवजी कलश पुजला जातो. धान्यबाजाराला शोभेल अशीच ही देवता.

या वाटेने काठमांडू खोऱ्यातले नेवार व्यापारी ल्हासाला जात आणि तिथे वर्षानुवर्षे राहत. मोमो त्यांनीच नेपाळात आणला, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. तिबेटात मोमोच्या पोटात याकचं मांस असे, काठमांडूत म्हशीचा खिमा आला, मसाला वाढला आणि सोबतीला टोमॅटोची चटणी आली. पदार्थ असाच नव्या गावचा होतो.

नेवारांचं खरं वैभव मात्र समयबजीत आहे. पोहे, भाजून मसाला लावलेलं म्हशीचं मांस म्हणजे छोयला, काळे सोयाबीन, आलं आणि सोबत घरी गाळलेली अयला ही दारू. सणाला, पूजेला हे ताट लागतंच.

१९६२च्या भारत-चीन युद्धानंतर नेवार व्यापाऱ्यांचा, पुढे कालिम्पोंगमार्गे चालू लागलेला ल्हासाचा व्यापार थांबला. असनचा बाजार चालूच राहिला. काठमांडूला गेलात तर मोमोवर थांबू नका, समयबजीही मागवा.