बंदुकीऐवजी फावडं

डोंगरातल्या पर्यावरण-शिबिरात देशोदेशीचे तरुण दगड उचलताना दिसले, की मला पिएर सेरेसोल आठवतात. हे स्विस इंजिनिअर लष्करी कर नाकारून तुरुंगात गेले होते. १९२० मध्ये फ्रान्समधल्या व्हर्दूंजवळ त्यांनी पहिलं शिबिर भरवलं. युद्धाच्या जखमा ताज्या होत्या. जर्मन स्वयंसेवक गावकऱ्यांना सोसवले नाहीत. १९२४ मध्ये आल्प्समधल्या ऑर्मों खोऱ्यात हिमकडा कोसळला, तेव्हा त्यांचे साथीदार राडारोडा उपसायला धावले. देशसेवा फावड्यानेही होते, हे त्यांना दाखवायचं होतं. १९३४च्या भूकंपानंतर सेरेसोल बिहारमध्येही आले. स्वित्झर्लंडमध्ये लष्करी सेवेला नागरी सेवेचा पर्याय मिळाला, तो मात्र १९९६ मध्ये. कायद्याला वेळ लागला. फावडी थांबली नव्हती.