मुळाचा शोध

आमच्या जोयडा तालुक्यात सुरणाचे झाड पावसाळा सरला की वाळून जाते. परंतु कंद जमिनीत राहिला, तर पुढच्या पावसात पुन्हा कोंब फुटतो.

माझ्या थोरल्या बंधूंच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने असेच केले. वर्षभर शौचावाटे रक्त जाई. घरी मराठीत ‘मूळव्याध’ म्हणालो, शेजारी कन्नडमध्ये ‘मूलव्याधी’ म्हणाले. चूक दोन्ही भाषांत एकच झाली. पुढे शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली, आणि दोन वर्षांनी रोग परतला. “अरे, उपटलेले पुन्हा उगवते कसे?” असे अण्णांनी विचारले. मी निरुत्तर झालो.

या प्रश्नालाही इतिहास आहे. मुंबईत १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९५२ साली डॉ. खानोलकरांच्या पुढाकाराने कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. तेथे पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी शरीराबाहेर पेशी वाढविण्याची देशातील पहिली प्रयोगशाळा थाटली. पेशी डोळ्यांसमोर वाढू लागल्या. पण गाठीतल्या असंख्य पेशींत कंद कोणता, हे ओळखायला खूण हवी होती.

आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते. ते ज्या मूळपेशींतून येते, त्या अस्तरातील सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी असतात. त्यांची ‘एलजीआर-५’ ही खूण २००७ साली नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाला सापडली. त्याच वर्षी कॅनडा व इटलीतील संशोधकांनी कर्करोगाच्या मूळपेशींसाठी ‘सीडी-१३३’ ही खूण पुढे केली; पण ती नसलेल्या पेशीही गाठ उत्पन्न करतात, असे २००८ साली दिसून आले. वाढीला आवर घालणारा जनुक मूळपेशींत नाहीसा झाला की गाठ फोफावते, हे २००९ साली उंदरांत सिद्ध झाले. २०१७ साली उंदरांच्या गाठींतील ‘एलजीआर-५’ची खूण असलेल्या पेशीच मारून पाहिल्या. वाढ थांबली, मारा थांबताच उरलेल्या पेशींतून नव्या मूळपेशी तयार झाल्या. म्हणजे मूळपण ही जन्माची जात नव्हे, ती अवस्था आहे.

अण्णांना हे उत्तर ऐकवायचे राहून गेले. वाचकांना एवढीच विनंती, की आतड्यातला साधा कोंभ कर्करोग होण्यास बहुधा कित्येक वर्षे लागतात, आणि तेवढ्यात तो काढून टाकता येतो. रक्त दिसले तर लाज सोडून तपासून घ्या. मूळव्याध आहे की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्या.