विमानतळ नेपाळचा, पण वाट भारताच्या आकाशातून: भैरहवाचं घोडं अडलंय कुठे?

१६ मे २०२२, बुद्धपौर्णिमा. नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान शेरबहादूर देउबा यांनी भैरहवा इथल्या गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन केलं. त्याच दिवशी नरेंद्र मोदी शेजारच्या लुंबिनीत होते. पण ते या नव्या धावपट्टीवर उतरलेच नाहीत. कुशीनगरहून हेलिकॉप्टरने थेट लुंबिनीत आले. याची नेपाळमध्ये बरीच चर्चा झाली.

चर्चेचं मूळ मात्र जुनं आहे.

१९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण हक्क असतो. त्यामुळे धावपट्टी कितीही मोठी बांधा (भैरहवाची ३,००० मीटर आहे), तिथवर पोहोचणारी वाट शेजाऱ्याच्या आकाशातून जात असेल तर त्याची परवानगी लागते.

भारताकडून नेपाळमध्ये शिरण्याचा मुख्य हवाई मार्ग सिमरावरून जातो. सिमरा भैरहवाच्या पूर्वेला साधारण दीडशे किलोमीटरवर आहे. म्हणजे आखाती देशांतून येणारं विमान भैरहवाच्या जवळून पुढे जाणार, सिमराकडून आत शिरणार आणि परत मागे येणार. मुंबईहून पुण्याला जायचं, पण आधी सातारा गाठायचा, तसा हा प्रकार. जादा इंधन, जादा वेळ, म्हणून विमान कंपन्या फारशा उत्सुक नसतात.

म्हणूनच नेपाळ भैरहवा, नेपाळगंज, जनकपूर अशा ठिकाणांहून प्रवेश मागतोय. २०१४ मध्ये मोदी काठमांडूला गेले, तेव्हा दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी सहा महिन्यांत बसून हा प्रश्न सोडवावा, असं संयुक्त निवेदनात ठरलं होतं. ते सहा महिने बरेच लांबले.

दुसरा पेच सीमेचा. विमानतळापासून भारताची हद्द काही किलोमीटरवर आहे. कमी दृश्यमानतेत विमान उतरवणारी आयएलएस यंत्रणा वापरायची तर सीमेलगतच्या उड्डाणांना भारताची संमती हवी. २०२३ मध्ये पुष्पकमल दाहाल 'प्रचंड' दिल्लीत आले, तेव्हा या मुद्द्यावर गाडी पुढे सरकली. जादा प्रवेशमार्गांचं मात्र भिजत घोंगडं राहिलं.

भारत सावध का? गोरखपूरचा हवाई दलाचा तळ भैरहवापासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. शिवाय हा विमानतळ चिनी कंत्राटदाराने बांधला. पण इथे एक गल्लत नेहमी होते. चिनी कर्ज आहे ते पोखरा विमानतळावर. भैरहवासाठी कर्ज आशियाई विकास बँकेचं आहे.

ते फेडायचं तर विमानं यायला हवीत. महाराष्ट्रातून लुंबिनीला जाणारे अनेक बौद्ध भाविक आजही गोरखपूरपर्यंत रेल्वेने जातात आणि सोनौलीची सीमा रस्त्यानेच ओलांडतात.