रिओ ग्रांदेचे खोरे : प्रवासापूर्वी थोडा इतिहास

दूरच्या प्रवासाचा बेत ठरू लागला म्हणजे आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांत प्रथम खर्चाचा, मग हवेचा आणि शेवटी सोबतीचा विचार होतो. तो योग्यच आहे. परंतु काही प्रदेश असे असतात की, त्यांचा इतिहास ठाऊक नसेल तर सर्व काही डोळ्यांसमोर असूनही प्रवाशास फारसे काही दिसत नाही. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व मेक्सिको यांच्यामधून वाहणाऱ्या रिओ ग्रांदे नदीचे समुद्रालगतचे खोरे हा असाच एक प्रदेश होय. टेक्सासमध्ये मुलाबाळांकडे हिवाळा काढावयास जाणारी मराठी कुटुंबे आज थोडी नाहीत. ह्यूस्टनहून सुमारे साडेतीनशे मैल दक्षिणेस गेले म्हणजे हे खोरे लागते. मोटारीने एका दिवसात तेथे पोचता येते. अशा कुटुंबांपैकी कोणी तिकडे जाण्याचे मनात आणीत असेल, तर त्याच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख लिहिला आहे.

प्रथम भूमीचा परिचय करून घेऊ. या प्रदेशाला तेथील लोक ‘व्हॅली’ म्हणतात. पण दोन बाजूंस डोंगर आणि मधून नदी असे चित्र मनाशी धरून जाणाऱ्याची निराशा होईल. हा नदीने गाळ टाकून बनविलेला सपाट त्रिभुज प्रदेश आहे. अक्षांश सुमारे २६, म्हणजे आपल्या जोधपूरचा. मात्र समुद्र जवळ असल्यामुळे हवा दमट. उन्हाळा कडक असतो, आणि जून ते नोव्हेंबर या महिन्यांत मेक्सिकोच्या आखातातून वादळे येण्याचा संभव असतो. हिवाळा बहुधा सौम्य जातो. तथापि फेब्रुवारी १९२१ नव्हे, तर अगदी अलीकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये पडलेल्या कडाक्याच्या थंडीने तेथील संत्र्यामोसंब्यांच्या बागांचे मोठे नुकसान केले. उत्तरेकडील थंडीला कंटाळलेले पक्षी आणि पेन्शनर असे दोघेही हिवाळ्यात येथे उतरतात. १९४३ साली राखून ठेवलेल्या सांता आना अभयारण्याचे क्षेत्र अवघे दोन हजार एकरांच्या आसपास आहे, पण तेथे पक्ष्यांच्या सुमारे चारशे जाती नोंदल्या गेल्या आहेत. तेव्हा जावयाचे तर डिसेंबर ते मार्च हा काळ उत्तम.

आता मुख्य प्रश्न. प्रवासी तेथे गेल्यावर साहजिकच सरहद्द कोठे आहे असे विचारील. नकाशात तर एल पासोपासून समुद्रापर्यंत सुमारे साडेबाराशे मैल नदीच सरहद्द म्हणून दाखविलेली असते. पण इतिहास वाचणाऱ्यास असे दिसून येईल की, या नदीवर रेषा ओढल्यापासून आजपर्यंत ती रेषा एका जागी ठरलेली नाही; तिच्या दोन्ही बाजूंस एक रुंद पट्टा मात्र तयार झाला आहे, आणि रेषेची किंमत त्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी दिली आहे.

अठराव्या शतकात ही नदी कोणाचीच सरहद्द नव्हती. स्पॅनिश राजवटीच्या वतीने होसे दे एस्कांदोन याने १७४९ साली नदीकाठी कामार्गो व रेनोसा ही गावे वसविली, आणि पुढील सहा वर्षांत रेविया, मिएर व लारेदो ही गावे उभी राहिली. १७६७ साली वसाहतवाल्यांस जमिनी वाटून देण्यात आल्या. ही वाटणी पाहण्यासारखी आहे. पाऊस बेभरवशाचा आणि गुरे पुष्कळ. तेव्हा प्रत्येकास पाणी मिळाले पाहिजे. म्हणून जमिनीचे तुकडे नदीला काटकोनात, अरुंद आणि लांबलचक पाडले. रुंदी मैलाहूनही कमी, परंतु लांबी दहापंधरा मैल. हे तुकडे दोन्ही काठांस होते. दक्षिणेच्या गावात घर आणि उत्तरेच्या काठावर गुरांचे रान, अशी अनेक कुटुंबांची व्यवस्था होती. नदी म्हणजे त्या संसाराच्या मधले अंगणच होते म्हणा ना!

या अंगणात कुंपण आले ते १८४६ साली. टेक्सास १८३६ मध्ये मेक्सिकोपासून फुटून निघाले, तेव्हा आपली हद्द रिओ ग्रांदेपर्यंत आहे असा त्याने दावा केला. मेक्सिकोचे म्हणणे, हद्द उत्तरेच्या नुएसेस नदीपाशीच संपते. दोन्ही नद्यांमधला हा विस्तीर्ण मुलूख वादग्रस्त राहिला. १८४५ साली टेक्सास संयुक्त संस्थानांत सामील झाले, आणि पुढील वर्षीच्या मार्चमध्ये जनरल टेलर याने सैन्य घेऊन माटामोरोस शहरासमोर नदीच्या उत्तर काठी किल्ला बांधावयास घेतला. एप्रिलच्या अखेरीस चकमक झाली. ८ मे रोजी पालो आल्तो येथे व ९ मे रोजी रेसाका दे ला पाल्मा येथे लढाया झाल्या. विशेष हे की, अमेरिकेने युद्ध पुकारले ते त्यानंतर, १३ मे रोजी. अमेरिकन भूमीवर अमेरिकन रक्त सांडले, असे अध्यक्ष पोक यांनी काँग्रेसला सांगितले होते. त्यावर १८४७ च्या डिसेंबरात इलिनॉयच्या एका नवख्या प्रतिनिधीने ठराव मांडून, ते रक्त नेमके कोणत्या जागी सांडले ती जागा दाखवा, असे अध्यक्षांस विचारले. तो प्रतिनिधी म्हणजे अब्राहम लिंकन. त्या वेळी या प्रश्नाची पुष्कळांनी थट्टा केली. परंतु या साऱ्या इतिहासाचे मर्म त्यात आहे.

२ फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालूप इदाल्गोच्या तहाने नदी ही सरहद्द ठरली. उत्तरेकडे राहिलेल्या मेक्सिकन लोकांच्या मालमत्तेला संरक्षण देण्याचे वचन तहात होते. पण जुन्या सनदांना स्पष्ट मान्यता देणारे दहावे कलम अमेरिकेच्या सेनेटने गाळून टाकले. एका भाषेतील सनद दुसऱ्या भाषेतील कोर्टात सिद्ध करावयाची म्हणजे वकिलाची फी आली, विलंब आला आणि पुष्कळदा जमीन विकणेही आले. त्याच वर्षी माटामोरोसच्या समोर ब्राउन्सविल शहराची आखणी झाली. ज्या जमीनदार घराण्यांच्या मुलखात हे घडत होते, त्यांपैकी एकातला हुआन कोर्तिना हा १८५९ साली सशस्त्र माणसे घेऊन ब्राउन्सविलमध्ये शिरला. एका बाजूने त्याला दरोडेखोर म्हटले, दुसरीने कैवारी. ही दोन विशेषणे पुढे किती तरी वर्षे त्या पट्ट्यात अशीच वाटली जात होती.

सरहद्दीमुळे कोणाचे भलेही होते, हे लवकरच दिसून आले. यादवी युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. परंतु नदीच्या मुखाशी मेक्सिकोच्या बाजूस बगदाद नावाचे बंदर होते, आणि परराष्ट्राचे बंदर रोखणे शक्य नव्हते. टेक्सासचा कापूस बैलगाड्यांनी नदीपार जाऊन तेथून युरोपच्या गिरण्यांकडे निघाला. आज त्या बगदादचा मागमूसही उरलेला नाही. त्या युद्धाची अखेरची भूचकमकही याच नदीकाठी पामिटो रँच येथे १२ व १३ मे १८६५ रोजी झाली. जनरल ली यांनी शरणागती पत्करून तेव्हा महिना उलटून गेला होता.

परंतु सर्वांत मोठी अडचण खुद्द नदीनेच निर्माण केली. आपल्याकडील नदीकाठच्या शेतकऱ्यास मळईची जमीन ठाऊक असते. नदी एका काठाचे नेते व दुसऱ्यास देते. दोन शेतकऱ्यांत यावरून तंटा होतो, येथे तो दोन राष्ट्रांत झाला. १८८४ च्या करारात असा नियम केला की, नदी हळूहळू सरकली तर सरहद्द तिच्याबरोबर सरकावी. पण तिने एकाएकी नवे पात्र धरले, तर सरहद्द जुन्या पात्रातच राहावी. नियम ऐकावयास सुबोध, परंतु पाळावयास कठीण. या सपाट प्रदेशात नदी नागमोडी वाहते आणि पुरात वळणे तोडून टाकते. अशा तुटलेल्या वळणांची तळी तेथे जागोजाग आहेत. त्यांस ‘रेसाका’ म्हणतात. तुटलेल्या तुकड्यांची संख्या इतकी वाढली की, १९०५ च्या नव्या करारान्वये २५० हेक्टरांपर्यंतचे व दोनशेहून अधिक वस्ती नसलेले तुकडे ज्या काठाला लागले त्या देशाचे मानावे असे ठरले.

याही नियमातून एक गाव निसटले. १९०६ साली पाटबंधाऱ्याचा धंदा करणाऱ्या एका कंपनीने आपल्या पंपांच्या सोयीसाठी नदीचे एक वळण परवानगीवाचून कापले. माणसाने कापलेल्या पात्रामुळे सरहद्द हलत नाही. तेव्हा दक्षिण काठाला जाऊन पडलेली चारशेहून अधिक एकर जमीन कायद्याने अमेरिकेचीच राहिली. पण हे लक्षात कोण घेतो? तेथे रिओ रिको नावाचे गाव वसले, मेक्सिकोचा अंमल चालू झाला, मुले जन्मली, वाढली. १९६० नंतरच्या दशकात कोणी कागद चाळले तेव्हा उलगडा झाला. १९७० च्या तहाने ही जमीन मेक्सिकोस द्यावयाचे ठरले व १९७७ साली ती रीतसर दिलीही. परंतु आम्ही अमेरिकेच्या भूमीवर जन्मलो, असा दावा तेथील जन्माच्या लोकांनी केला, आणि तो मान्यही झाला. लिंकन यांचा प्रश्न येथे पुन्हा ऐकू येतो : जागा नेमकी कोणती?

वरच्या अंगाला एल पासो शहरात हाच वाद चामिसाल या नावाने एक शतक चालला. १९११ साली लवादाने दिलेला निकाल अमेरिकेने नाकारला. अखेर १९६३ च्या तहाने तो मिटला. नदीच सिमेंटच्या पाटात घालून जागेवर आणली, आणि त्यापायी एल पासोच्या पाच हजारांहून अधिक रहिवाशांस घरे सोडावी लागली.

खालच्या खोऱ्यात दरम्यान दुसरे स्थित्यंतर झाले होते. १९०४ साली ब्राउन्सविलला आगगाडी आली. जमीनविक्या कंपन्यांनी उत्तरेकडील शेतकऱ्यांना गाड्या भरभरून आणले. झुडपांचे रान तोडून कालवे काढले, आणि पुढे मोसंबीवर्गीय फळांच्या बागा उठल्या. ज्यांचे आजे तेथे गुरांचे धनी होते, ते पुष्कळदा त्याच जमिनीवर मजूर झाले. १९१५ साली बंडाळी उसळली. तिच्या पारिपत्याच्या नावाखाली रेंजर पोलिसांनी व खासगी टोळ्यांनी मारलेल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांची गणती इतिहासकार शेकड्यांनी करतात. १९१९ मध्ये ब्राउन्सविलचे विधिमंडळ-सभासद होसे कानालेस यांनी रेंजर्सवर आरोप ठेवून चौकशी करविली. स्वतःच्या जिवाला धोका असताना त्यांनी हे केले, ही गोष्ट स्मरणात ठेवण्याजोगी आहे.

आजचा तंटा भूमीपेक्षा पाण्याचा आहे. १९४४ च्या तहानुसार मेक्सिकोने आपल्या उपनद्यांतून पाच वर्षांच्या आवर्तनात दरसाल सरासरी साडेतीन लाख एकर-फूट पाणी अमेरिकेस द्यावयाचे, आणि अमेरिकेने कोलोरॅडो नदीचे पंधरा लाख मेक्सिकोस. दुष्काळात ही बाकी थकते. २०२० च्या सप्टेंबरात चिवावाच्या शेतकऱ्यांनी आपले पाणी जाऊ नये म्हणून धरणच ताब्यात घेतले. उलट पाण्याअभावी टेक्सासच्या खोऱ्यातील अखेरचा साखर कारखाना २०२४ साली बंद झाला. कृष्णेच्या पाण्याचे लवाद पाहिलेल्या महाराष्ट्रीय वाचकास दोन्ही शेतकऱ्यांचे दुःख सारखेच कळेल. १९५३ मध्ये फाल्कन धरणाच्या पाण्यात एस्कांदोनच्या काळचे रेविया, म्हणजे पुढचे गेरेरो, बुडाले. पाणी फार उतरले म्हणजे तेथील दगडी चर्च वर दिसू लागते.

आता प्रवासाचा क्रम. ब्राउन्सविलजवळ पालो आल्तोचे रणक्षेत्र प्रथम पाहावे. मग पश्चिमेस सांता आनाचे रान, त्यापुढे लोस एबानोस येथील दोराने हातांनी ओढावयाची तर, आणि शेवटी रोमा गावाच्या टेकाडावरून नदी, असे वर जावे. तर चालू आहे की नाही, हे आधी विचारावे. २००६ च्या कायद्यानंतर उभारलेले कुंपण वाटेत दिसेल. ते बहुतेक ठिकाणी नदीच्या काठावर नाही, पुराच्या बांधावर, बरेच आत आहे. कुंपण व नदी यांच्यामध्ये लोकांची शेते आणि काही घरेही राहिली आहेत. तामाउलिपास प्रांतात जाऊ नये असा इशारा अमेरिकेचे परराष्ट्रखाते आपल्या नागरिकांस कित्येक वर्षे देत आले आहे. तो दुर्लक्षू नये. शिवाय एक पाऊल पलीकडे टाकल्यास परतीचा प्रवेश आपल्या कागदांवर मिळेल किंवा नाही, ही खात्री घरीच करून घ्यावी.

आणि नदीकडे पाठ फिरवून उत्तरेस निघाल्यावरही पासपोर्ट पेटीत टाकू नये. सुमारे सत्तर मैल आत, फालफुरियस गावाजवळ, हमरस्त्यावर सरहद्द-पोलीस पुन्हा गाडी थांबवितात. ज्यांचे कागद पुरे नाहीत अशी कुटुंबे नदी आणि ही चौकी यांच्यामध्ये वर्षानुवर्षे राहत आली आहेत. त्यांस दक्षिणेकडे जाता येत नाही आणि उत्तरेकडेही नाही. नकाशा काढून पाहिला तर ही चौकी रिओ ग्रांदे आणि नुएसेस यांच्या मधोमध, म्हणजे १८४६ साली ज्या मुलखासाठी युद्ध झाले त्याच मुलखात येते. तहाने तो वाद मिटविला असे पुस्तकात लिहिलेले असते. तेथे गाडी थांबून शिपाई काचेतून आत डोकावेल, तेव्हा वाचकाने आपले उत्तर द्यावे, आणि पुढच्यामागच्या गाड्यांतील माणसांना ते देताना काय वाटत असेल, याचाही क्षणभर विचार करावा.