दिसणारे काम आणि न दिसणारी बचत : सार्वजनिक करारांच्या कायद्यातील एक स्थित्यंतर

सरकारी कामाच्या कराराला मराठीत मक्ता, ठेका आणि कंत्राट असे तीन शब्द रूढ आहेत. त्यांच्या छटा भिन्न असल्या तरी तिन्हींच्या मुळाशी एकच कल्पना आहे : रक्कम वा दर आधी ठरलेला, काम नेमून दिलेले, आणि पुरे झालेले काम डोळ्यांना दिसणारे. रस्ता, पूल, गुदाम किंवा कचेरी यांची लांबी-रुंदी मोजता येते. सार्वजनिक बांधकाम खात्यात मोजमाप-पुस्तकाला जे महत्त्व आले, ते याच कारणाने. त्यात नोंद झाल्यावाचून बिल चुकते होत नाही. परंतु ऊर्जाबचतीच्या करारात विकली जाणारी वस्तू म्हणजे न जळलेली वीज होय. जे घडलेच नाही त्याचे मोजमाप कसे करावे, हा प्रश्न जुन्या कायद्यापुढे कधी आला नव्हता. त्याचे गांभीर्य कळण्यासाठी सार्वजनिक करारांच्या कायद्याची जडणघडण प्रथम पाहिली पाहिजे.

या कायद्याचा पहिला कटाक्ष कराराच्या बाह्य रूपावर होता. १९१५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यातील कलम ३०, १९३५ च्या कायद्यातील कलम १७५(३) आणि भारतीय संविधानातील अनुच्छेद २९९ यांत एकच सूत्र आढळते. करार शासनप्रमुखाच्या नावे व्यक्त झालेला असावा, त्याच्या वतीने केलेला असावा, आणि अधिकार दिलेल्या व्यक्तीनेच तो केलेला असावा. भिकराज जयपुरिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली या अटी केवळ उपचाराच्या नसून अनिवार्य असल्याचे सांगितले. अनधिकृत अधिकाऱ्याच्या शब्दावर सार्वजनिक तिजोरी बांधली जाऊ नये, हा त्यामागील हेतू. महानगरपालिकांना अनुच्छेद २९९ लागू होत नाही. तथापि त्यांच्या कायद्यांतही करार करण्याची स्वतंत्र पद्धती घालून दिलेली आहे.

मात्र या काटेकोरपणातून एक अन्याय संभवत होता. काम झाले, सरकारने ते वापरले, आणि पैसे देण्याच्या वेळी करार विधियुक्त नसल्याचे कारण पुढे केले, तर काय करावे? पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल या प्रकरणात नेमके हेच घडले. १९४३ च्या दुष्काळानंतर बंगालच्या नागरी पुरवठा खात्याला धान्यसाठ्यासाठी जागेची निकड होती. १९४४ साली आरामबाग येथे कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, कचेरी, स्वयंपाकघर इत्यादी बांधण्यास, तसेच खानाकुल येथे साठ्याच्या शेड उभारण्यास अधिकाऱ्यांनी एका पेढीला सांगितले. पहिल्या कामाचे बिल २,३२२ रुपये ८ आणे व दुसऱ्याचे १७,००३ रुपये झाले. काम सरकारच्या उपयोगी पडले. पण विधियुक्त करार नाही म्हणून पैसे नाकारण्यात आले.

डिसेंबर १९६१ मध्ये या अपिलाचा निकाल लागला. बहुमताचे निकालपत्र साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिले. करार अंमलात आणण्याजोगा नसला तरी १८७२ च्या करार कायद्यातील कलम ७० नुसार भरपाई मिळू शकते, असा त्याचा निष्कर्ष आहे. काम कायदेशीरपणे केलेले असावे, ते फुकट करण्याचा हेतू नसावा आणि दुसऱ्या पक्षाने त्याचा लाभ घेतलेला असावा, या तीन अटी त्यासाठी पुऱ्या व्हाव्या लागतात. सरकारवर लाभ लादला जातो, या आक्षेपाला दिलेले उत्तर विशेष मार्मिक आहे : नको असेल तर सरकारने काम स्वीकारू नये, उभारलेली वस्तू काढून नेण्यास सांगावे. स्वीकारण्याच्या वा नाकारण्याच्या या स्वातंत्र्यावरच कलम ७० चे न्याय्यत्व उभे आहे.

ऊर्जाबचतीच्या कराराला हा न्याय लावू गेल्यास अडचण येते. शेड उतरवून नेता येते. वाचलेली वीज परत करता येत नाही. दिवे काढून नेता येतील, पण तोवर झालेला लाभ स्वीकारला जाऊन चुकलेला असतो. त्या लाभाचे मोल किती, हे पूर्वीचा वापर किती होता यावर अवलंबून आणि तो पूर्ववापर आता केवळ कागदावर उरलेला.

सरकारी क्षेत्रात या कराराला अमेरिकेने आरंभीच विधिमान्यता दिली. वार्षिक तरतुदीपलीकडे देणे पत्करण्यास तेथील संघीय खात्यांना मनाई असल्याने, बचतीतून मोबदला देणाऱ्या दीर्घ मुदतीच्या करारांसाठी १९८६ साली स्वतंत्र कायदेशीर परवानगी द्यावी लागली. भारतात २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने उपकरणे व इमारती यांच्या ऊर्जावापराची मानके ठरविण्याचे अधिकार दिले; अशा कराराचा भार मात्र १८७२ च्या कायद्यावरच राहिला.

अकोला महानगरपालिकेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. जागतिक बँकेच्या ऊर्जाविषयक साहाय्य कार्यक्रमाने २००९ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तेथे ११,५०० हून अधिक पथदिवे बदलण्यात आले. सुमारे ५७ लाख रुपयांचा सर्व खर्च खाजगी कंपनीने केला, आणि पडताळलेल्या बचतीचा ९५ टक्के हिस्सा सहा वर्षे तिला देण्याचे ठरले. देखभालीचे शुल्क वेगळे. वार्षिक वापर ५६ टक्क्यांनी, म्हणजे २१ लाख युनिटांनी, घटला आणि वर्षाला सुमारे ६४ लाख रुपये वाचले.

भांडवल नसलेल्या नगराला पदरचा पैसा न घालता प्रकाश मिळाला, हे या व्यवहाराचे यश निःसंशय होय. तथापि भांडवल अकरा महिन्यांत वसूल होण्याजोगे असता हिस्सा सहा वर्षे चालला, हेही दृष्टीआड करता येत नाही. वार्षिक बचतीतून नगराकडे उरले ते सुमारे तीन लाख रुपये. बचत न झाल्यास नुकसान सोसण्याची जोखीम कंपनीची होती, म्हणून हा मोबदला सर्वस्वी अवाजवी ठरविणे योग्य होणार नाही. परंतु जोखमीचे मोल आधीच नीट आकारण्याचे साधन पालिकेच्या हाती असणे अगत्याचे आहे. ते साधन म्हणजे पूर्ववापराची विश्वासार्ह नोंद.

वादाची बीजेही याच नोंदीत असतात. पूर्वी बंद पडलेले दिवे हिशेबात जळते धरले, तर बचत फुगते. नंतर काही दिवे विझले, तर अंधारही बचत म्हणून गणला जातो. विजेचा दर वाढला, तर युनिटे तीच राहूनही रुपयांतील बचत वाढते. हा वाढावा कोणाचा, हे करारात लिहिलेले नसेल तर कलम ७० पासून साहाय्य मिळणे कठीण. कारण ते कलम लाभाची भरपाई देते, लाभ मोजण्याची रीत सांगत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. विसाव्या शतकातील कायद्याने सही कोणाची, या प्रश्नावर तिजोरीचे रक्षण केले. आता मोजमाप कोणाचे, या प्रश्नावर ते करावे लागणार आहे. पूर्ववापराची नोंद दोन्ही पक्षांहून स्वतंत्र अशा तज्ज्ञाने केलेली, काम सुरू होण्यापूर्वी उभय पक्षांनी मान्य केलेली आणि कराराचाच भाग म्हणून जोडलेली असली पाहिजे. अनुच्छेद २९९ ने अधिकाऱ्याच्या सहीला जे गांभीर्य दिले तेच या नोंदीला लाभल्याखेरीज, नागरिकांनी भरलेला पैसा खरोखर वाचलेल्या विजेपोटीच गेला, असे म्हणता येणार नाही.